दिंडी आणि परवली

इतिहासाच्या मास्तराने संगणकावर लेख लिहावा, ही गोष्ट माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मोठी चमत्कारिक वाटेल. चौतीस वर्षे मी पुण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवला. त्या काळात यंत्राशी माझा निकटचा संबंध आला तो शाळेच्या घड्याळापुरता आणि घरातल्या शिवणयंत्रापुरता. निवृत्तीनंतर मुलाने हाती मोबाइल दिला, तोही मी पुष्कळ दिवस कानाला लावण्यापुरताच वापरीत असे. परंतु २०२०च्या चैत्रात आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि ज्याला मी केवळ कारकुनी यंत्र समजत होतो, त्याच्या पाठीशी किल्ल्यांच्या इतिहासासारखाच एक इतिहास उभा आहे, हे माझ्या ध्यानात आले. तट, दरवाजे, चोरवाटा, फितुरी, परवलीचे शब्द, सारे काही त्यात आहे. फराळाच्या ताटाबरोबर वाचकांनी तोही थोडा चाखून पाहावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

प्रथम प्रसंग सांगतो.

आमची सूनबाई भोसरीच्या एका कारखान्यात हिशेब पाहते. कारखाना लहानसा, बेचाळीस कामगारांचा. २४ मार्च २०२०च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. गुढी उभारली खरी, पण पानावर बसल्यावर सूनबाईचा हात श्रीखंडाकडे जाईना. म्हणाली, "बाबा, पगार कसे करायचे?"

कामगारांची हजेरी, त्यांच्या बँकखात्यांचे आकडे, कोणाची किती उचल कापायची, ही सगळी माहिती कारखान्याच्या कचेरीतल्या एका संगणकात होती. पगार पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, असा कायदा. पण कायदा राहू द्या. भोसरीतल्या एकेका खोलीत चार चार जण अडकून पडलेले, गावी जाण्याची सोय नाही, बाहेर काम नाही. त्यांच्या चुली त्या पैशावर पेटायच्या होत्या.

मी म्हणालो, "अगं, घरी तुझ्याजवळ संगणक आहे, इंटरनेटची तार आहे. मग तिकडचा संगणक इथून उघडत का नाही?"

"कचेरीत बसलं की त्याचा पत्ता लागतो, बाबा. घरून लागत नाही."

यंत्र एकच, पण आत बसलेल्याला सापडते आणि बाहेरच्याला सापडत नाही! हे असे का, ह्याचा शोध घेण्यासाठी मी त्या सक्तीच्या रिकामपणात जे वाचन केले, त्याचा सारांश आता सांगतो.

दूरवर असलेल्या गणकयंत्राला बाहेरून काम सांगण्याची पहिली प्रसिद्ध घटना १९४० सालची आहे. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत जॉर्ज स्टिबिट्झ नावाचे गणितज्ञ होते. १९३७ साली त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेलिफोनचे रिले, पत्र्याच्या पट्ट्या आणि विजेरीचे दिवे जोडून बेरीज करणारे एक चिमुकले यंत्र तयार केले. त्याला पुढे 'मॉडेल के' म्हणू लागले. ह्यातला 'के' म्हणजे किचन! त्यातूनच पुढे टेलिफोनच्या आकडेमोडीसाठी प्रयोगशाळेत एक मोठे यंत्र उभे राहिले. यंत्र एका खोलीत असे आणि त्याचे काम सांगण्यासाठी इमारतीत तीन ठिकाणी टेलिप्रिंटर ठेवलेले असत. एका वेळी एकानेच वापरायचे, असा नियम. ही झाली आतली वाट.

सप्टेंबर १९४०मध्ये डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची परिषद भरली. हे कॉलेज न्यूयॉर्कपासून सुमारे चारशे किलोमीटरवर, हॅनोव्हर नावाच्या गावी आहे. यंत्र काही उचलून नेता येईना. मग स्टिबिट्झ यांनी टेलिप्रिंटरच तिकडे नेला आणि तारेने तो न्यूयॉर्कच्या यंत्राशी जोडला. सभेतल्या मंडळींनी गणिते घालावीत आणि तारेवरून उत्तर यावे! नॉर्बर्ट वीनर यांच्यासारखे थोर गणितज्ञ आणि पुढे 'एनियाक' यंत्राच्या निर्मितीत अग्रभागी असलेले जॉन मॉचली, दोघेही त्या टेलिप्रिंटरजवळ रेंगाळले होते. ही झाली बाहेरची वाट. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, यंत्राने कोणालाही 'तू कोण?' असे विचारले नाही. तारेच्या टोकाशी जो बसला असेल तो आपलाच, असे गृहीत होते. त्या काळी ते चुकीचेही नव्हते, कारण तार एकच होती आणि ती कोठून कोठे जाते हे सर्वांना ठाऊक होते.

'तू कोण?' हा प्रश्न आला तो एका यंत्रावर अनेकांची पंगत बसली तेव्हा. नोव्हेंबर १९६१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी ह्या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल, अशी व्यवस्था करून दाखवली. मोठ्या पंगतीत वाढपी एकच असला, पण भराभर फिरत असला, तर प्रत्येकाला तो आपल्यापुढेच उभा आहे असे वाटते. तशातलाच हा प्रकार. पण प्रत्येकाचे पान वेगळे राहिले पाहिजे. म्हणून प्रत्येकाला एक परवलीचा शब्द दिला गेला. आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो, त्याची संगणकावरची कुळकथा येथपासून सांगतात.

आणि मौज पाहा, परवली आली नाही तोच ती फुटली! ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास यंत्र मिळत असे आणि त्याचे काम त्यात भागत नसे. १९६२ साली त्याने काय करावे? परवलीचे सर्व शब्द ज्या यादीत होते, तीच छापून देण्याची विनंती त्याने यंत्राला केली आणि यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली. पुढे १९६६ साली तर त्याच यंत्रावर दोन मजकुरांची अदलाबदल झाली. दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताचा संदेश दिसायचा, त्याऐवजी सगळ्यांच्या परवलींची यादी दिसू लागली. म्हणजे देवडीवरच्या पहारेकऱ्याने 'या, बसा' म्हणण्याऐवजी किल्ल्यांचा जुडगाच येणाऱ्यापुढे धरावा, तसे झाले.

ह्यानंतरचा टप्पा २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्रीचा. कॅलिफोर्नियातल्या दोन गावांमधले दोन संगणक जोडण्याचा प्रयोग होता. हेच पुढे वाढत जाऊन इंटरनेट झाले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाच्या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या यंत्रात शिरण्यासाठी 'लॉगिन' हा शब्द लिहायला घेतला. 'एल' गेले, 'ओ' गेले, आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. तासाभराने दुरुस्ती झाली आणि शब्द पुरा गेला. इंटरनेटवरचा पहिला संदेश म्हणून ह्या दोन अक्षरांचे कौतुक होते, पण त्यांचा अर्थ फारसा कोणी सांगत नाही. तो क्षेमकुशलाचा निरोप नव्हता. दुसऱ्याच्या संगणकात बाहेरून प्रवेश मागणारी ती दारावरची थाप होती.

आता सूनबाईच्या प्रश्नाकडे वळू. आतला पत्ता बाहेर का चालत नाही?

संगणकांना आकड्यांचे पत्ते असतात. ज्या पद्धतीवर इंटरनेट वाढले, तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. आरंभी ही संख्या अफाट वाटली. १९९० नंतर मात्र ते पुरणार नाहीत, असे दिसू लागले. तेव्हा १९९४ साली तज्ज्ञांनी एक तोड काढली. काही पत्ते कायमचे 'घरगुती' म्हणून बाजूला ठेवले आणि ते कोणीही आपल्या तटाच्या आत खुशाल वापरावेत, असे ठरले. १९२.१६८ ह्या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. तुमच्या घरच्या संगणकाचाही बहुधा असाच असेल.

पुण्याच्या जुन्या वाड्यात ज्यांनी बिऱ्हाड केले आहे, त्यांना हे चटकन उमजेल. 'मागच्या चौकातली डावीकडची तिसरी खोली' हा पत्ता वाड्यात पक्का असतो. पाण्याला गेलेले पोरसुद्धा त्यावर बिनचूक निरोप पोचवते. पण पोस्टाच्या पाकिटावर तेवढेच लिहिले तर? प्रत्येक वाड्याला मागचा चौक आहे आणि प्रत्येक चौकात डावीकडची तिसरी खोली आहे! बाहेरच्या जगासाठी पेठ आणि घरनंबरच पाहिजे. मग देवडीवर बसलेल्या माणसाने टपाल घ्यायचे आणि कोणते पत्र कोणत्या खोलीचे, हे ओळखून आत धाडायचे. कचेरीच्या भिंतीवर लुकलुकणारा राउटर हे देवडीचे काम करतो. आतून कोणी बाहेर पत्र धाडले तर त्याचे उत्तर कोणाला द्यायचे, हे तो ध्यानात ठेवतो. पण बाहेरून आपण होऊन कोणी आले, तर त्याला कोणाकडे न्यावे हे त्याला कळत नाही आणि तो त्याला परत लावतो. सूनबाई घरून 'डावीकडची तिसरी खोली' शोधत होती. ती तिला आमच्याच घरात शोधली जात होती!

ह्याच्या उलटही गंमत होते. वाड्यातल्या एका बिऱ्हाडकरूने शेजारच्या खोलीला पेठेचा पूर्ण पत्ता घालून पत्र लिहिले, तर काही पहारेकरी गोंधळतात. आतलेच पत्र बाहेरच्या पत्त्याने परत आत घ्यायचे, हे त्यांना शिकवलेलेच नसते. म्हणून बाहेरून चालणारा पत्ता कचेरीत बसल्यावर कधी कधी चालत नाही. ह्यावर तोड अशी की, माणसाने आकडे लक्षात न ठेवता नाव ठेवावे. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली घालून दिली. त्यापूर्वी सगळ्या जाळ्यातल्या यंत्रांची नावे स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत एका यादीत सांभाळली जात. कचेरीच्या यंत्राला एकच नाव ठेवायचे. आतून विचारणाऱ्याला आतला पत्ता सांगायचा, बाहेरून विचारणाऱ्याला बाहेरचा. 'आजोबा कुठे आहेत?' ह्या प्रश्नाला नातवाला 'माजघरात' असे उत्तर मिळते आणि पत्र धाडणाऱ्याला पेठेचे नाव मिळते. आजोबा एकच.

परंतु पत्ता सापडणे निराळे आणि दार उघडणे निराळे. तट का घालावे लागले, त्याचीही एक कथा आहे. ऑगस्ट १९८६मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणकाचे काम पाहू लागले. यंत्र वापरल्याच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता. पाऊण डॉलर म्हणजे काय? दुसऱ्या कोणी तो 'किरकोळ' खात्यात घातला असता. स्टॉल यांनी त्याचा माग काढला. तेव्हा असे निघाले की, कोणी एक परका त्या प्रयोगशाळेच्या यंत्रात शिरतो आणि तेथून पुढे अमेरिकेच्या लष्करी संगणकांची दारे चाचपतो. सुमारे वर्षभराच्या पाठलागानंतर तो माणूस पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात सापडला. तो आणि त्याचे साथीदार चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेरांना विकत होते. (१९४० साली बाहेरची वाट उघडली ती एका हॅनोव्हर गावाहून आणि चोर निघाला तो दुसऱ्या हॅनोव्हरात, हा निव्वळ योगायोग.) आमच्या सूनबाईला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा तिला परक्याचे काही वाटले नाही. "पाऊण डॉलरचा फरक सोडला नाही ना? मग तो खरा हिशेबनीस," एवढेच ती म्हणाली.

तेव्हापासून कचेऱ्यांभोवती फायरवॉल नावाचे तट उभे राहू लागले. आत सारे आपले, बाहेर सारे परके. १९९० साली बेल प्रयोगशाळेच्या विल्यम चेसविक यांनी अशा व्यवस्थेला बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ अशा खाऊची उपमा दिली. आपल्याकडे ती करंजीला शोभेल. पारी भक्कम दिसते, पण ती एकदा फुटली की आतल्या सारणाला दुसरे रक्षण नाही.

तट झाले, तशी तटातून जाणारी भुयारेही आली. कारण आपलीच माणसे बाहेरगावी जात होती आणि त्यांना कचेरीचे काम करायचे होते. जुन्या पद्धतीत परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. वाटेत कोणीही तो ऐकावा! १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात अशीच परवल्यांची चोरी झाली आणि तिथल्या तातू इलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून सारे संभाषण कुलूपबंद करून नेणारी 'एसएसएच' ही वाट तयार केली. योगायोग असा की, आपल्याकडे सामान्य लोकांना इंटरनेट मिळू लागले ते त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी मिळून भुयाराची एक पद्धत पुढे आणली. आज ज्याला व्हीपीएन म्हणतात, त्या घराण्यातली ती एक जुनी शाखा. ह्यात रस्ता सार्वजनिकच असतो, पण आपला मजकूर कुलूपबंद पेटीतून जातो आणि भुयाराच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडताच आपण कचेरीच्या चौकात उभे असतो. मग 'डावीकडची तिसरी खोली' घरूनसुद्धा सापडते.

आता पुन्हा भोसरीकडे.

कारखान्याच्या संगणकांची देखभाल करणारा एक तरुण होता. त्याने फोनवर सांगितले, "मॅडम, भुयार करायला दोन दिवस लागतील. आज घाई असेल तर एक दार थेट उघडून देतो." शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातली दिंडी आठवत असेल. प्रचंड दार बंदच असते आणि त्यातल्या लहान झडपेतून माणूस वाकून आत जातो. संगणकाच्या दारातही अशा हजारो दिंड्या असतात आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. विंडोजच्या यंत्राचा पडदा दूरवर दाखवणाऱ्या दिंडीचा क्रमांक ३३८९. त्याने राउटरला सांगितले की, ह्या क्रमांकावर जो येईल त्याला सरळ हिशेबाच्या संगणकाकडे न्यावे.

काम झाले! सूनबाईला घरबसल्या कचेरीतला पडदा दिसू लागला. तिने रात्री उशिरापर्यंत हजेरीपत्रक पुरे केले. मी शंका काढली, तेव्हा ती म्हणाली, "आमच्या एवढ्याशा कारखान्याकडे कोण बघायला येतंय, बाबा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तरुणाने यंत्राची नोंदवही उघडली आणि तो हबकला. रात्रभर दारावर थापा पडत होत्या. कोठली कोठली यंत्रे येऊन 'ॲडमिन', 'टेस्ट', 'युजर' अशी नावे सांगत आणि एकामागून एक परवली घालून पाहत होती. पानेच्या पाने त्यांनी भरली होती. ही यंत्रे कारखाना लहान की मोठा हे पाहत नाहीत. ती साऱ्या जगाची दारे ओळीने ठोकत जातात. रायगडाची हिरकणी ज्या कड्यावरून उतरली म्हणून आख्यायिका आहे, त्या कड्यावरून कोण उतरणार, असे गडावरच्यांनाही वाटलेच असेल. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूजही बांधला. आमच्या तरुणानेही दिंडी तात्काळ बंद केली आणि भुयाराच्या कामाला लागला. दैवाने आत कोणी शिरले नव्हते.

दोन दिवसांचे काम चार दिवस चालले. ४ एप्रिलला भुयार तयार झाले आणि त्याच दुपारी भोसरीची वीज गेली. ती परत आली, पण कचेरीतला संगणक बंद तो बंदच राहिला. कोणी जाऊन कळ दाबल्याखेरीज इलाज नव्हता. कारखान्याच्या फाटकाशी एका खोलीत रखवालदार राहत असे. बीडकडचा साठीचा माणूस. सारे त्याला मामा म्हणत. कचेरीची किल्ली त्याच्यापाशी. सूनबाईचा मोबाइल नेमका त्या वेळी बंद पडला होता, म्हणून तिने माझ्या फोनवरून त्याला हाक दिली. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मला सारे ऐकू आले.

"मामा, मी हिशेबातली ताई बोलतेय. कचेरी उघडून माझा संगणक तेवढा चालू करा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "ह्यो नंबर तुमचा न्हाई."

"माझा फोन बंद पडलाय. हा सासऱ्यांचा आहे."

"आवाज ताईंचाच वाटतोय," मामा म्हणाला, "पन फोनात समदे आवाज सारखेच. दसऱ्याला माझ्या नातवाला तुमी काय दिलं व्हतं?"

"कंपासपेटी."

"कसली?"

"निळी. झाकणावर विमान होतं."

"बराबर हाय. आता मालकांना मला एक फोन करायला सांगा, का ताईंसाठी कचेरी उघडायची. लगी उघडतो. राग मानू नगा, ताई. कुलूप माझ्या हवाली हाय."

सूनबाई चिडली. पगाराचे दिवस भरत आले आणि हा म्हातारा कंपासपेटीचा रंग विचारतो! पण मालकांचा फोन गेला. पाचच मिनिटांत मामाचा उलट फोन आला, "ताई, तुमचा संगणक चालू केला. मालकांच्या खोलीला हात लावला न्हाई. कुलूप परत घातलं."

मी मात्र थक्क होऊन बसलो होतो. कारण इतक्या दिवसांच्या वाचनात मला जे कळले होते, ते ह्या माणसाने माझ्यापुढे पाच मिनिटांत करून दाखवले होते.

संगणकाच्या जगाला हे शहाणपण यायला फार वर्षे लागली. जो आत आहे तो आपला, हीच समजूत तेथे पुष्कळ काळ होती. माणूस कोठे उभा आहे, ह्यावरून तो कोण आहे हे ठरवीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ह्या समजुतीवर कधीच विश्वास ठेवू नये. शनिवारवाड्याचा तट आणि दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे बाहेरच्या शत्रूसाठी होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा घात झाला तो मात्र पेशव्यांच्याच पगारी गारद्यांकडून. तट त्या दिवशी जागचा हलला नव्हता.

जानेवारी २०१०मध्ये गूगल कंपनीने जाहीर केले की, आपल्या जाळ्यात परके शिरले होते. त्याच वर्षी जॉन किंडरव्हॅग यांनी 'झीरो ट्रस्ट' हा विचार मांडला. आत असो वा बाहेर, केवळ जागेवरून कोणाला आपले म्हणायचे नाही. प्रत्येक वेळी ओळख पटवायची आणि कामापुरतेच दार उघडायचे. गूगलने पुढे आपल्या कचेरीतल्या आणि बाहेरच्या माणसाला एकच नियम लावला आणि त्याची हकीकत २०१४ साली प्रसिद्ध केली. ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने ह्या विचाराची रीतसर मांडणी केली. तरीही मे २०२१मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाला इंधन पुरवणारी कलोनियल कंपनीची नळवाहिनी बंद ठेवावी लागली. कारण काय, तर वापरात नसलेले व्हीपीएनचे एक जुने खाते उघडेच राहिले होते आणि त्याला परवलीचा एक शब्द पुरत होता. दुसरी खूण कोणी मागत नव्हते. कंपनीला सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी द्यावी लागली. भुयार होते, कुलूपही होते. येणाऱ्याला कंपासपेटीचा रंग विचारणारा आणि वर मालकाचा फोन मागणारा कोणी नव्हता.

६ एप्रिलच्या रात्री साडेअकराला बेचाळीस कामगारांचे पगार बँकेकडे रवाना झाले. सूनबाईने एक एक नाव वाचले आणि मी यादीवर टिचक्या केल्या. मास्तरकीतले तेवढेच कौशल्य उपयोगी पडले. शेवटचे नाव मामाचे होते.

आता कारखान्याचे काम घरून करायचे म्हटले की परवलीनंतर मोबाइलवर सहा आकडे येतात. ते घातल्यावाचून दार उघडत नाही. कधी घाईत असली की सूनबाई कुरकुरते, "दर वेळी काय विचारायचं ह्याने?" मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतो, "निळी. झाकणावर विमान होतं." ती हसते आणि आकडे घालते.

मामा आता गावी असतो. दर दिवाळीत सूनबाई त्याच्या नातवासाठी खाऊ धाडते. गेल्या वर्षी पुडा पोचल्याचा फोन आला तो अनोळखी नंबरावरून. आवाज मामाचाच वाटत होता. सूनबाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मामा, आधी सांगा, कंपासपेटीवर काय होतं?"

पलीकडून म्हातारा खो खो हसला. "आता शिकलात, ताई," म्हणाला.